बॅनरवरचा पाय

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि माझ्या मुलीच्या एके काळच्या मुख्याध्यापिका आदरणीय सिपोरा पेणकर बाई, जिल्हा फुटबॉल संघटनेकडून आलेले प्रमुख पाहुणे, भोगावती-कुंडलिका क्रीडा मंडळाचे सर्व पदाधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते प्रशिक्षक आदर्श गावंड सर, रोह्याहून, हमरापूरहून आणि खाडीकाठच्या गावांतून रामवाडीच्या या सभागृहात आलेले पालक, आमच्या संघातल्या मुली, आणि अगदी शेवटच्या रांगेत दाराशेजारी बसलेल्या हौसाताई, आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम.

निवेदकांनी मघाशी माझी ओळख 'रायगडच्या थर्मल तंत्रज्ञानाचे जनक' अशी करून दिली. मी जनकबिनक कुणाचा नाही. रिझवानाचा बाप आहे, तेवढं मला पुरतं. माझं नाव शरीफ धनसे. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो आणि फोरमन म्हणून रिटायर झालो. आज मला दोन कामं सांगितली आहेत. आदर्श सरांबद्दल चार चांगले शब्द बोलायचे आणि मग हे स्मृतिचिन्ह घेऊन खाली बसायचं. त्यासाठी पाच मिनिटं दिली आहेत. मला जास्त लागतील. माइकवाल्या भाऊंना एवढंच सांगतो, की मध्येच आवाज गेला तर मी स्वतः पॅनलपर्यंत चालत जाईन. ते काम मला येतं.

चार चांगले शब्द आधी बोलतो, कारण ते खरे आहेत. सात वर्षांपूर्वी आपल्या भागात मुलींचा फुटबॉल संघ नव्हता. आदर्श सर मोटरसायकलवरून घरोघरी गेले. मुलगी हाफपँट घालून खेळणार, हे ऐकून माणसं दार लावून घ्यायची, तरी हे दुसऱ्या रविवारी पुन्हा जायचे. माझ्या घरीही आले होते. माझी बीबी म्हणाली, या माणसाला चहा तरी द्या, तिसऱ्यांदा आलाय. अनवाणी खेळणाऱ्या पोरींना त्यांनी चेंडू अडवायला, द्यायला, मागायला शिकवलं. हे त्यांचं काम कुणी नाकारू नये आणि मीही नाकारत नाही.

आता कॅमेऱ्याबद्दल. कारण आजचा सत्कार त्याचाच आहे, मी फक्त त्याला धरून उभा आहे.

कंपनीत हा कॅमेरा आम्ही पॅनल बघायला वापरायचो. दिसायला तो जाडजूड टॉर्चसारखा. डोळ्याला दिसत नाही ती उष्णता तो रंगांत दाखवतो. गरम ते लाल, थंड ते निळं. पॅनलमध्ये तीन फेज शेजारी शेजारी असतात आणि तिघांवर सारखाच लोड असेल तर तिघांचा रंग सारखा दिसायला हवा. एखादा जॉइंट ढिला झाला की तो गरम होतो, लाल दिसतो, आणि आपण शटडाउन मागतो. हे कुणालाही कळतं. पण माझे उस्ताद मला पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "शरीफ, लाल दिसला तर मूर्खालाही कळतं. एकटा निळा दिसला तर तू बघ. दोन गरम आणि एक थंड, म्हणजे त्याचा फ्यूज उडालाय, त्यात करंटच नाय." पुढं तीस वर्षं मी हे नव्या पोरांना शिकवलं. ऐटीत शिकवलं. हे लक्षात ठेवा, मी परत इथं येणार आहे.

रिटायर झालो तेव्हा जुना कॅमेरा कंपनीनं मला दिला. रिझवाना फिजिओथेरपी शिकून आली होती. ती म्हणाली, अब्बा, परदेशात फुटबॉलवाले यानं खेळाडूंचा थकवा बघतात. दमलेल्या स्नायूवरची कातडी कधी कधी दुसऱ्या बाजूपेक्षा गरम दिसते. मला ते लगेच पटलं. दोन पाय म्हणजे दोन फेज. एकमेकांशी ताडून बघायचं.

रिझवानानं त्याची शिस्त बसवली. तपासणी शाळेतल्या एका बंद खोलीत. आत फक्त रिझवाना आणि मुली, मी बाहेर बाकावर लॅपटॉप घेऊन. चित्रात चेहरा नाही, नुसते पाय, आणि गोलकीपरचे खांदे. त्या सकाळी आंघोळ नाही, तेल नाही, बाम नाही, चहा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोलीत आल्यावर पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं, म्हणजे बाहेरचा गारवा किंवा ऊन अंगावरून उतरतं. मुली वैतागायच्या. पंधरा मिनिटं फोनशिवाय उभं राहणं ही आजकाल मोठी शिक्षा आहे. पण राहायच्या.

एक गंमत सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गोलकीपरचा उजवा खांदा सलग आठ दिवस लालभडक येत होता. मी मोठ्या शहाणपणानं जाहीर केलं, हिला सराव जास्त होतोय, हिला बसवा. रिझवाना म्हणाली, तिला विचारलंत का? विचारलं. पोरगी हमरापूरची. म्हणाली, "चाचा, गणपतीचा सीझन हाय. दीडशे मूर्ती घासल्यात पॉलिशपेपरनं." मैदानावर ती खांदा हलवतही नव्हती. त्या दिवशी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, की आधी चित्र बघायचं आणि मग माणसाला विचारायचं. कॅमेऱ्याला फक्त इतकं कळतं, की इथं काहीतरी वेगळं आहे. का वेगळं आहे ते पोरगीच सांगते.

आपण हसलात, बरं वाटलं. यापुढं हसण्यासारखं काही नाही.

आता सगळ्यांनी कृपया माझ्या मागं बघावं. हा बॅनर. दहा फूट लांब, आठ फूट उंच. वर लिहिलंय, 'विज्ञानाची साथ, शून्य दुखापत'. आणि मधोमध एक सुंदर रंगीत चित्र. मंडळातल्या कुणाला तरी ते आवडलं असणार. हिरवा, पिवळा, त्यात लाल. रांगोळीसारखं दिसतं.

तो पाय आहे. मागच्या बाजूनं काढलेल्या दोन मांड्या आहेत त्या. उजवी पिवळट हिरवी. डावी, बसण्याच्या हाडापासून खाली वीतभर, लाल. मी या चित्रासमोर पूर्ण रात्र काढली आहे, म्हणून मला लांबूनही ओळखू येतं. हा निशिगंधाचा पाय आहे. निशिगंधा म्हणजे हौसाताईंची मुलगी, आपली स्ट्रायकर, वय वर्षं एकोणीस. आज ती आईशेजारी बसली आहे आणि तिचा डावा पाय समोरच्या खुर्चीवर सरळ ठेवलेला आहे, कारण तो अजून नीट दुमडत नाही. तिला या समारंभाचं निमंत्रण नव्हतं. मायलेकींना मी घेऊन आलो.

'शून्य दुखापत' असं ज्याच्या डोक्यावर लिहिलंय, तोच पाय तीन महिन्यांपूर्वी फाटला. आणि तो आपण फुलांच्या माळा लावून टांगला आहे. मला सांगा, बॅनर छापणाऱ्यानं नाही, निदान छापून घेणाऱ्यानं तरी एकदा विचारायचं की नाही, हे कुणाचं चित्र आहे?

आदर्श सर, आपण खाली बघू नका. बॅनरकडे बघा. उजव्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत तारीख आहे. ती फायनलच्या आदल्या दिवसाची आहे. शुक्रवारची.

त्या शुक्रवारी हे चित्र मी लॅपटॉपवर दाखवलं. निशिगंधाच्या दोन पायांत एरवी अर्ध्या अंशाचाही फरक नसायचा. बुधवारी तो पाऊण अंश झाला, शुक्रवारी एक पॉइंट चार अंश. रिझवानानं तिला पालथं झोपवून पाय दाबून बघितला, ती कळवळली. आम्ही म्हटलं, हिला उद्या बसवा. दोन आठवडे दिले तर पोरगी ठीक होईल. सर, तुम्ही काय म्हणालात? "चाचा, फायनल आहे. उद्या निघायच्या आधी परत फोटो काढा. गरम आला तर बसवतो, माझा शब्द. थंड आला तर खेळेल."

मला हा न्याय रास्त वाटला. मी मान डोलावली.

शनिवारी सकाळी शाळेच्या दारात गाडी उभी होती. रोह्याला पोचायचं होतं आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तुम्ही खोलीच्या दाराशी येऊन म्हणालात, "आज पंधरा मिनिटं नको हो, उशीर होतोय." पंधरा मिनिटं सोडली. निशिगंधा रिक्षानं आली ती तशीच आत गेली. रिझवानानं दारातून मला हाक मारली, "अब्बा, हिचा डावा पाय हाताला एकदम गार लागतोय. कातडीपण लालसर दिसतेय." स्क्रीनवर चित्र आलं. उजवी मांडी पिवळी, डावी निळीशार. साडेतीन अंशांनी थंड.

आणि मी, एकतीस वर्षं पॅनल बघितलेला, एकटा निळा फेज म्हणजे फ्यूज उडालाय हे शंभर पोरांना शिकवलेला माणूस, बाकावर बसल्या बसल्या म्हणालो, "थंड आहे ना? मग बरं. पुढची घे."

वहीत लिहिलं, ठीक. खाली सही केली. ती सही माझी आहे.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी बघितलं आहे. विसाव्या मिनिटाला तिनं गोल केला. टेबलावर ही ट्रॉफी ठेवली आहे ना, ती त्या एका गोलाची. साठाव्या मिनिटानंतर तिच्या आसपास कुणी नव्हतं, ना धक्का, ना टॅकल. ती नुसती चेंडूमागं धावली आणि मांडी धरून खाली बसली. डॉक्टरांनी सांगितलं, मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटून आलाय. मग ऑपरेशन झालं.

दवाखान्यात मला हौसाताई भेटल्या. पेणच्या बाजारात त्यांचा मासळीचा व्यवसाय आहे, आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांच्याकडून कोलंबी घेतली असेल. त्या मला म्हणाल्या ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, त्यांची परवानगी घेतली आहे. "चाचा, सरांचा फोन आल्ता रातीला. म्हनाले, घरात बर्फ हाय ना, सकाली पोरीचा पाय अर्धा तास पेटीत ठेवा, बरा व्हईल. मी मासली काढली. पेटी तीन वेला धुतली, पोरीच्या पायाला वास नको म्हनून. नवा बर्फ टाकला. ती म्हनत व्हती, आये, लय झोंबतंय. मीच तिचा गुडघा दाबून धरला."

मीच दाबून धरला. आईनं औषध समजून ज्या हातांनी तिचा पाय दाबला, त्या हातांकडे बघत त्या हे बोलत होत्या. मग मला म्हणाल्या, "बर्फात मासली टिकते. मग माजे पोरीचा पाय का नाय टिकला?"

 याचं उत्तर इथं कुणाला येत असेल तर समारंभ संपल्यावर त्यांना जाऊन द्या.

दुखऱ्या पायाला बर्फ लावतात, ते आम्हालाही ठाऊक आहे. मॅच संपल्यावर लावतात, विश्रांती देऊन लावतात. कॅमेऱ्यासमोर उभं करायच्या आधी लावत नाहीत. गरम जॉइंटवर थंड पाण्याचा फडका मारायचा आणि इन्स्पेक्टरला म्हणायचं बघा, हात लावून बघा. माझ्या खात्यात असं कुणी केलं असतं, तर मी त्याला गेटच्या बाहेर काढला असता. आदर्श, तुझ्या वडिलांबरोबर मी रात्रपाळ्या केल्यात. आता 'सर' म्हणायला माझी जीभ वळत नाही, मला माफ कर. तुला तो पाय बरा करायचा नव्हता. तुला तो निळा करून हवा होता.

बसा, बसा. अध्यक्ष महोदया, मंडळाच्या सचिवांनी मला चिठ्ठी पाठवली आहे, 'विषयावर या'. येतो. विषय हाच आहे.

फायनलनंतर मंडळानं जिल्हा संघटनेला एक पत्र लिहिलं. त्यात दोन वाक्यं आहेत. पहिलं, मॅचपूर्व तपासणीत कोणताही दोष आढळला नव्हता. दुसरं, खेळाडूनं दुखापत लपवून तपासणी यंत्रणेची दिशाभूल केली, सबब तिला दोन वर्षांसाठी निलंबित करावं. खाली आदर्शची सही, त्याखाली मंडळाचा शिक्का. निशिगंधाचं राज्याच्या शिबिरासाठी नाव लागलं होतं. शिबिरवाले म्हणाले होते, पाय बरा होईपर्यंत वर्षभर जागा राखून ठेवू. डॉक्टरही म्हणाले, पोरगी मेहनती आहे, पुढच्या वर्षी धावेल. या पत्रामुळे ती जागा अडली आहे. सोमवारी जिल्ह्याच्या बैठकीत निर्णय आहे. तिचं आयुष्य त्या दोन वाक्यांवर टांगलंय आणि आपण इथं पेढे वाटतोय.

मी मंडळाच्या बैठकीत हे सगळं बोललो होतो. आदर्श तिथं म्हणाला, "मी बर्फाचं सगळ्यांनाच सांगतो, त्यात काय?" इतरांनी विषय पुढं ढकलला. एकजण मला बाहेर येऊन म्हणाला, चाचा, तुमचा सत्कार ठरलाय, कशाला उगाच. म्हणजे माझं तोंड बंद करायला एक शाल आणि हा लाकडी ठोकळा. माझी किंमत तुम्ही फारच कमी लावलीत.

आणि आदर्श आता मोठ्या अकादमीत चाललाय. ऐंशी मुली त्याच्या हाताखाली असतील. तिथं त्यानं सांगितलंय, आमच्याकडे थर्मल तपासणी होती, एकही दुखापत नाही. उद्या तिथं नवाकोरा कॅमेरा येईल, पोरी रांगेत उभ्या राहतील, आणि कुणाच्या तरी घरी रात्री फोन जाईल. माझ्या कॅमेऱ्याचं नाव घेऊन हे होणार असेल, तर तो मी आज रात्री कुंडलिकेत टाकतो.

पण नुसता त्याच्यावर ओरडून मी सुटत नाही. बर्फ त्यानं सांगितला, आणि त्या बर्फावर 'ठीक' लिहिलं मी. पंधरा मिनिटं नकोत म्हणाला तो, सोडली मी. माझी मुलगी मला सांगत होती, पाय गार आहे, आणि मी तिचं ऐकलं नाही, कारण मलाही ती पोरगी फायनलला हवी होती. रोह्याच्या मैदानावर पेण-रोह्याचा झेंडा मला बघायचा होता. शुक्रवारी आदर्शनं ती अट घातली, तेव्हा मनातून मला बरं वाटलं होतं. हे मी तीन महिने कुणाला सांगितलं नाही. आज माइकवर सांगतो.

पेणकर बाई, ही दोन पानं आपल्याकडे देतो. यात बुधवार, शुक्रवार आणि शनिवारची चित्रं आहेत, पंधरा मिनिटं सोडल्याची नोंद आहे, हौसाताईंचं म्हणणं आहे आणि माझी चूक माझ्या अक्षरात आहे. रिझवानाची आणि माझी सही आहे. प्रमुख पाहुण्यांना हात जोडून विनंती, सोमवारी बैठकीत हे वाचलं जावं. निलंबित करायचं असेल तर त्या यादीत पहिलं नाव माझं घाला.

स्मृतिचिन्ह मी घेणार नाही. त्याऐवजी मला हा बॅनर द्या. मंडळ म्हणतं, तपासणीत काही आढळलं नव्हतं. मंडळानंच ते तारखेसकट दहा बाय आठ फुटांत छापलंय. माझे कागद कदाचित कुणी खोटे म्हणेल. हा तर तुमचाच आहे, शिक्क्यासह. सोमवारी मी तो गुंडाळून जिल्ह्याच्या कचेरीत घेऊन जाईन आणि त्यांच्या भिंतीवर टांगेन. कार्यक्रम संपला की दोघांनी फक्त शिडी धरा, वर मी चढतो.

आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, माइकवाल्या भाऊंनी आवाज जाऊ दिला नाही, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात मान-पान राहिला असेल, कुणाचं नाव घ्यायचं चुकलं असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. जे रागानं बोललो, ते मात्र तसंच राहू द्या.

एक क्षमा उरली आहे, ती सभागृहाकडे मागून भागणार नाही. निशिगंधा, आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं एक काम मी त्या सकाळी केलं नाही. तू चार पावलांवर होतीस, दाराच्या पलीकडे. मला फक्त विचारायचं होतं. तीन महिने उशिरा विचारतो, आणि या वेळी उत्तर येईपर्यंत उभा राहतो.

भाऊ, हा माइक जरा शेवटच्या रांगेत नेऊन द्या.

पोरी, पाय कसा हाय गो तुझा?